गिटारचा आवाज मुद्दाम फाडायचाय? मग आजोबांचा रेडिओ खोलण्याआधी डायोडचं गणित समजून घ्या

गणपतीत मंडळाच्या स्पीकरचा आवाज गरजेपेक्षा जास्त वाढवला की काय होतं, हे सगळ्यांनी ऐकलंय. गाणं चरचरायला लागतं आणि मागून कुणीतरी ओरडतं, "अरे आवाज फाटतोय, कमी कर!"

रॉक गिटार वाजवणाऱ्यांचं नेमकं उलटं असतं. त्यांना आवाज फाटलेलाच हवा असतो. फक्त तो त्यांच्या मर्जीनं आणि पाहिजे तेवढाच फाटायला हवा. हे काम करणारी, पायानं चालू-बंद करायची छोटी डबी म्हणजे डिस्टॉर्शन पेडल.

नाशिक म्हटलं की आधी ढोल आठवतो. पण २००८ मध्ये सुरू झालेल्या सुलाफेस्टमुळे इथल्या द्राक्षमळ्यांनी इलेक्ट्रिक गिटारही ऐकलीय. त्यात सातपूर-अंबडची एमआयडीसी आणि इंजिनिअरिंगची कॉलेजं, त्यामुळे हातात सोल्डरिंग गन घेऊन बसणाऱ्या पोरांची शहरात कमी नाही. नावाजलेल्या कंपनीचं पेडल घ्यायचं तर काही हजार रुपये मोजावे लागतात. मग साहजिकच विचार येतो, घरीच बनवलं तर?

सर्किट इंटरनेटवर मिळतं, बाकीचे पार्ट दुकानात मिळतात. गाडी अडते ती एकाच ठिकाणी, डायोड कोणता घ्यायचा? सगळीकडे एकच सल्ला दिसतो, "खरा आवाज पाहिजे तर जर्मेनियम डायोडच लाव." आणि मग लक्षात येतं की माळ्यावर पडलेल्या आजोबांच्या ट्रान्झिस्टरमध्ये नेमका तोच डायोड आहे.

मग रेडिओ खोलायचा का? थोडं थांबा. आधी हा डायोड पेडलमध्ये करतो काय, ते बघू.

आवाज फाटतो म्हणजे नेमकं काय होतं?

गिटारच्या तारेखालचा पिकअप साधारण ०.१ ते ०.२ व्होल्टचा सिग्नल देतो. पेडलमधली ऑप-अ‍ॅम्प नावाची आयसी तो वाढवते. समजा, १०० पट वाढवला, तर हिशोबानं १० ते २० व्होल्ट व्हायला हवेत. पण पेडलची बॅटरी असते ९ व्होल्टची. म्हणजे सिग्नलला वर-खाली मिळून जागाच ९ व्होल्टची, त्यातही प्रत्यक्षात थोडी कमीच.

इथे डायोड येतो. डायोड ही करंटची एकेरी वाट आहे. पण ती लगेच उघडत नाही, ठराविक व्होल्टेज आल्यावरच उघडते. सिग्नलच्या वाटेवर दोन डायोड उलटसुलट जोडून त्यांचं दुसरं टोक ग्राउंडला दिलं, की तेवढ्या व्होल्टेजच्या वर गेलेला सिग्नल ग्राउंडमध्ये निघून जातो. लाटेचा शेंडा कापला जातो आणि गोल लाट सपाट माथ्याची होते. यालाच म्हणतात क्लिपिंग.

लाट अशी कापली गेली की मूळ सुरासोबत त्याच्या पटीतले नवे सूर तयार होतात. गिटारचा आवाज भरदार, खरखरीत आणि लांबत जाणारा वाटतो, तो त्यामुळेच.

गंमत म्हणजे हा आवाज लोकप्रिय झाला तो एका बिघाडामुळे. १९६१ च्या सुमारास अमेरिकी गायक मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्याच्या रेकॉर्डिंगवेळी स्टुडिओतलं उपकरण बिघडलं आणि ग्रेडी मार्टिनची बेस गिटार फाटक्या आवाजात रेकॉर्ड झाली. तो आवाज तसाच ठेवला गेला. पुढे असा आवाज काढणारी फझ पेडल बाजारात आली आणि १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'नं तो जगभर पोचवला.

तीन डायोड, तीन उंबरे

डायोड निवडताना पहिला प्रश्न एकच, तो किती व्होल्टला उघडतो?

जर्मेनियम : साधारण ०.२ ते ०.४ व्होल्ट. शेंडा फार लवकर कापला जातो. शिवाय हा डायोड एकदम उघडत नाही, हळूहळू उघडतो. त्यामुळे कापलेल्या लाटेच्या कडा थोड्या गोलसर राहतात. अनेकांना हा आवाज मऊ वाटतो.

सिलिकॉन : साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट. यातला सगळ्यात ओळखीचा म्हणजे १एन४१४८. काचेचा, साधारण तांदळाच्या दाण्याएवढा. दुकानात "फोर-वन-फोर-एट" म्हटलं की समजतं, आणि एक-दोन रुपयांत मिळतो. हा बऱ्यापैकी पटकन उघडतो, त्यामुळे आवाज धारदार येतो. १एन९१४ हाही कामाच्या दृष्टीनं जवळपास तोच.

एलईडी : लाल एलईडी साधारण १.७ ते २ व्होल्टला उघडतो. हो, दिवाळीच्या माळेत असतो तसा साधा एलईडी. तोही डायोडच आहे. शेंडा उशिरा कापला जातो, त्यामुळे जोरात आणि हळू मारलेल्या तारेतला फरक जास्त टिकतो. निळा किंवा पांढरा एलईडी मात्र ३ व्होल्टच्या आसपास उघडतो. ९ व्होल्टच्या पेडलमध्ये तोपर्यंत ऑप-अ‍ॅम्पच सिग्नल कापायला लागते, डायोडला फारसं काम उरत नाही.

मग जर्मेनियमच भारी, हे खरं का?

याचं उत्तर गाजलेल्या पेडलांच्या पोटात बघितलं की मिळतं. १९७८ मध्ये आलेलं बॉस कंपनीचं डीएस-१ हे जगात सगळ्यात जास्त ओळखल्या जाणाऱ्या डिस्टॉर्शन पेडलांपैकी एक. निर्व्हाना बँडचा कर्ट कोबेन ते वापरायचा. त्यात साधे सिलिकॉन डायोड आहेत. त्याच सुमाराचं प्रोको कंपनीचं रॅट, त्यातही सिलिकॉन. त्याची पुढची आवृत्ती टर्बो रॅट, त्यात एलईडी. आणि एमएक्सआरच्या डिस्टॉर्शन प्लसमध्ये जर्मेनियम.

म्हणजे तिन्ही प्रकार वापरून गाजलेली पेडल बनलीत. जर्मेनियम हा एक पर्याय आहे, दर्जाचा शिक्का नाही.

कानाला फसवणारी गोष्ट

इथेच बहुतेक जण फसतात. डायोड बदलला की फक्त आवाजाचा पोत बदलत नाही, आवाज लहान-मोठाही होतो.

साधा हिशोब करा. सिलिकॉननं लाट ०.६ व्होल्टला कापली आणि जर्मेनियमनं ०.३ व्होल्टला, तर जर्मेनियमचा सिग्नल निम्म्या उंचीचा झाला, म्हणजे ६ डेसिबल कमी. लाल एलईडीचा सिग्नल सिलिकॉनच्या जवळपास तिप्पट उंच, म्हणजे ९ ते १० डेसिबल जास्त.

आणि माणसाच्या कानाची खोड अशी की, दोन आवाजांतला मोठा आवाज त्याला जास्त चांगला वाटतो. एलईडी लावल्यावर "वा, काय मोकळा आवाज आहे!" असं जे वाटतं, त्यातला बराच वाटा नुसत्या मोठेपणाचा असतो. त्यामुळे तुलना करताना पेडलच्या व्हॉल्यूम नॉबनं दोन्ही आवाज आधी सारखे करा, मगच निकाल द्या. असं केलं की डायोडांमधला फरक वाटला होता त्यापेक्षा कमी निघतो. तो नसतोच असं नाही, पण फोरमवरच्या भांडणाइतका मोठा नसतो.

डायोड कुठे लावला, तेही तितकंच महत्त्वाचं

वर सांगितलेली पद्धत, म्हणजे डायोड ग्राउंडला जोडणं, हिला हार्ड क्लिपिंग म्हणतात. यात डायोडच्या आधी एक रेझिस्टर लागतो, साधारण १ ते १० किलोओहमचा. तो विसरलात तर ऑप-अ‍ॅम्पचं आउटपुट थेट डायोडांवर आदळतं. हा रेझिस्टर बदलला तरी आवाजाची धार बदलते.

दुसरी पद्धत म्हणजे डायोड ऑप-अ‍ॅम्पच्या फीडबॅकमध्ये लावायचे. आयबनेझच्या प्रसिद्ध ट्यूब स्क्रीमरमध्ये तसे आहेत. इथे शेंडा पूर्ण कापला जात नाही, डायोड उघडले की वाढवण्याचं प्रमाण कमी होतं आणि मूळ सिग्नल वर तसाच राहतो. आवाज मऊ येतो. हे सॉफ्ट क्लिपिंग.

लक्षात घ्या, ट्यूब स्क्रीमरचा तो मऊ आवाजही साध्या सिलिकॉन डायोडांचाच आहे. म्हणजे मऊपणा हवा असेल, तर महागडा डायोड शोधण्याआधी त्याची जागा बदलून बघणं जास्त फायद्याचं.

तिसरी युक्ती म्हणजे एका बाजूला एक डायोड आणि दुसऱ्या बाजूला दोन डायोड एकामागे एक. लाटेचा वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या उंचीवर कापला जातो. दोन्हीकडे सारखं कापलं तर मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट असे विषम पटीतले सूर वाढतात. असमान कापलं की दुप्पट, चौपट असे समही मिसळतात आणि आवाजाचा रंग बदलतो. बॉसच्या एसडी-१ मध्ये हेच केलंय. खर्च वाढला फक्त एका डायोडचा.

नाशिकची थंडी आणि नकली माल

जर्मेनियमच्या दोन अडचणी मात्र कुणी आधी सांगत नाही.

पहिली अडचण तापमानाची. डायोडचा उंबरा दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टनं सरकतो, गरम झाला की खाली आणि थंड झाला की वर. नाशिकमध्ये मे महिन्यात पारा ४० अंशांपर्यंत जातो आणि थंडीत रात्री तो १० च्या खाली येतो. निफाडची थंडी तर राज्यभर बातमीत असते. ३० अंशांचा फरक धरला तर उंबरा ६० मिलिव्होल्टनं सरकला. सिलिकॉनच्या ६०० मिलिव्होल्टमध्ये हा १० टक्के, पण जर्मेनियमच्या ३०० मध्ये तो २० टक्के. पेडल बंद पडत नाही, पण जानेवारीत आवडलेला आवाज मे महिन्यात हुबेहूब तसाच मिळेल याची खात्री सिलिकॉनपेक्षा कमी.

दुसरी अडचण नकली मालाची. १एन३४ए या नावानं ऑनलाइन विकले जाणारे अनेक डायोड प्रत्यक्षात जर्मेनियमचे नसतात, शॉट्की प्रकारचे असतात. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून तपासा. ०.६ दाखवलं तर तो सरळ सिलिकॉन. ०.२ ते ०.४ दाखवलं तर जर्मेनियम असू शकतो, पण शॉट्कीही तेवढंच दाखवतो. अशा वेळी काचेतून आत बघा. जुन्या जर्मेनियम डायोडमध्ये स्फटिकावर टेकलेली केसासारखी बारीक तार दिसते. स्फटिकावर तार टेकवण्याची ही कल्पना फार जुनी. अशाच प्रकारच्या गॅलेना डिटेक्टरचं अमेरिकी पेटंट जगदीशचंद्र बोस यांना १९०४ मध्येच मिळालं होतं.

मग आजोबांच्या रेडिओचं काय?

जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत ओए७९ सारखा जर्मेनियम डायोड असतो, कारण स्टेशनकडून येणारा सिग्नल कमजोर असतो आणि तो ओळखायला कमी व्होल्टला उघडणारा डायोड लागतो. रेडिओ अजून चालत असेल, तर एका डायोडसाठी तो मारू नका. तो काढला की रेडिओ मुका.

रेडिओ खरंच भंगारात जाणार असेल, तर बॅटरी काढून डायोड सोडवा. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही, म्हणून सोल्डर वितळवताना डायोड आणि टोकाच्या मधली तार पक्कडीत धरा, म्हणजे उष्णता पक्कड ओढून घेते. विजेवर चालणारे जुने व्हॉल्व्हचे रेडिओ मात्र अजिबात उघडू नका. त्यांत जीवघेणं व्होल्टेज असतं.

तर सुरुवात कशी करायची?

डायोड बोर्डावर थेट सोल्डर करू नका. त्या जागी आयसी सॉकेटचा किंवा फिमेल हेडरचा तुकडा लावा, म्हणजे डायोड टोचून बदलता येतात. सोबत चार १एन४१४८, दोन लाल एलईडी आणि वाटलं तर दोन शॉट्की घ्या. सगळं मिळून वडापाव-चहाच्या खर्चात येतं.

स्वतःची गिटार, स्वतःचा अँप, नेहमी वाजवता तीच रिफ. प्रत्येक जोडी लावा, व्हॉल्यूम सारखा करा आणि ऐका. शक्य असेल तर डायोड मित्राला बदलायला सांगा आणि कोणता लावलाय ते विचारू नका.

इतकं करूनही जर्मेनियमच हवा असं वाटलं, तर जरूर शोधा. पण बऱ्याच जणांचा शोध त्या दोन रुपयांच्या डायोडवरच थांबतो, आणि आजोबांचा रेडिओ गात राहतो.