नात म्हणते, ‘मला कुटुंबोपचार शिकायचा आहे’

गेल्या उन्हाळ्यात एक निवृत्त मुख्याध्यापक रक्तदाब मोजून झाल्यावरही खुर्चीतून उठेनात. त्यांची नात मानसशास्त्र घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे तिला ‘विवाह व कुटुंबोपचार’ या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे. ‘डॉक्टरसाहेब,’ ते म्हणाले, ‘भांडणं मिटवायला डिग्री लागते काय? आमच्या गावात हे काम चार जाणते लोक पारावर बसून करत.’ प्रश्नात थट्टा होती, पण काळजीही होती. मुलीचे वय, घरचा पैसा, शिक्षण संपल्यावर नोकरी कोठली, आणि लग्न ठरवताना समोरच्या मंडळींना हे काय म्हणून सांगायचे, हे सारे त्या एका प्रश्नात दडलेले होते. अशा घरांची संख्या आता आपल्या जिल्ह्यातही वाढते आहे, म्हणून हा विषय जरा विस्ताराने मांडतो.

प्रथम पारावरच्या पंचायतीविषयी. तिची उपयुक्तता मी नाकारत नाही. परंतु पंचायत कोण चुकले ते ठरवते आणि निवाडा देते. कुटुंबोपचार करणारी व्यक्ती निवाडा देत नाही. एका माणसाच्या दुखण्याकडे ती सगळ्या घराच्या वागण्याचा धागा धरून पाहते. घरात कोण कोणाशी थेट बोलत नाही, कोणाचा निरोप कोणामार्फत जातो, नवराबायकोतला ताण मुलाच्या आजारपणामागे कसा लपतो, हे ती शोधते. त्यासाठी तीन पिढ्यांचा नकाशा काढणे, एकाच प्रसंगाविषयी प्रत्येकाला वेगळे विचारणे, कोण कोणाशेजारी बसते यावरही लक्ष ठेवणे अशी शिस्तबद्ध साधने आहेत. ती पुस्तकातून कळतात, पण हाताला वळण लागते ते अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली काम केल्यावरच. शल्यचिकित्सा जशी केवळ वाचून येत नाही, तसेच हे.

सामान्य डॉक्टरला याची गरज रोज दिसते. माझ्याकडच्या एका आजींची साखर दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हटकून चढत असे. दोन मुलांनी आईला महिन्यामहिन्याने आळीपाळीने ठेवून घ्यायचे ठरवले होते. घर बदलले की औषधांची पिशवी अर्धी मागे राही, जेवणाची वेळ बदले, आणि मुख्य म्हणजे ‘आता तुमचा नंबर’ हे शब्द आजींच्या कानांवर पडत. त्या दिवसांत त्या नीट जेवत नसत, मग रात्री हाती लागेल ते खात. इन्सुलिनची मात्रा बदलून यावर फारसा उपयोग होत नव्हता. समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या त्यांच्या एका नातलग बाईंनी दोन्ही मुलगे, दोन्ही सुना आणि आजी यांना एकत्र बसवले. दोन बैठकांत त्यांनी कोणालाही उपदेश केला नाही. ‘महिना संपत आला की आजी काय करतात, हे प्रथम कोणाच्या लक्षात येते?’ असे काही प्रश्न मात्र विचारले. धाकट्या सुनेने उत्तर दिले आणि मोठी सून रडू लागली. त्यानंतर आजी एकाच घरी राहिल्या, दुसऱ्या घराने औषधांचा खर्च आणि दवाखान्याच्या फेऱ्या उचलल्या. साखर अगदी सुतासारखी सरळ झाली असे म्हणणार नाही, पण पहिल्या आठवड्याचे ते चढणे थांबले.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे साल्वाडोर मिनुचिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात मधुमेही मुलांबाबत याच प्रकारचा अभ्यास केला होता. आईवडिलांच्या वादाच्या वेळी मुलाच्या रक्तातील ताणाशी निगडित घटक वाढताना त्यांना आढळले. त्या निष्कर्षांवर पुढे आक्षेपही घेतले गेले, परंतु ‘रोगी एकटा नसतो’ हा विचार त्यातून वैद्यकात रुजण्यास मोठी मदत झाली.

हे सारे पाश्चात्त्य आहे, असे मात्र समजू नये. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून राहायला लावले. रुग्ण बरा होताना घरच्यांनी पाहावा, त्याची सेवा शिकावी आणि त्याला परत घेऊन जावे, हा त्यांचा हेतू होता. त्या काळी अनेक देशांत रुग्णाला नातेवाइकांपासून तोडून ठेवण्याची प्रथा होती. पुढे वेल्लोर आणि बंगळूरच्या निम्हान्स येथे कुटुंबासह उपचार करण्याची पद्धत वाढली. निम्हान्समध्ये कुटुंबोपचारासाठी स्वतंत्र विभागच आहे. चंदीगड येथील रुग्णांच्या घरांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनच्या तुलनेत तेथील घरांत रुग्णावर होणारी टीका कमी आढळली, मात्र जेथे वैरभाव होता तेथे आजार उलटण्याशी त्याचा संबंध दिसला. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्यांनी आणि त्याला नावे ठेवणाऱ्यांनी, दोघांनीही हे वाक्य पुन्हा वाचावे.

आता शिक्षणाच्या वाटा. भारतात ‘कुटुंबोपचारक’ म्हणून स्वतंत्र परवाना देणारी व्यवस्था नाही. म्हणून मुलीने कोणत्या नावाची पदवी घ्यावी यापेक्षा त्या पदवीने तिची नोंद कोठे होईल, हे आधी पाहावे लागते. ढोबळमानाने तीन वाटा आहेत.

पहिली मानसशास्त्राची. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. येथून बी. ए. झाल्यावर नागपूर, पुणे किंवा मुंबई विद्यापीठात मानसशास्त्राची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेता येते, आणि समुपदेशनात विशेष शिक्षण देणारे अभ्यासक्रमही आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा समुपदेशनाचा एम. ए. अभ्यासक्रम सर्वांना परिचित आहे. तेथील प्रवेश कठीण आहे, हेही तितकेच परिचित आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ व्हायचे असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी अनिवार्य आहे. त्यासाठी आजवर दोन वर्षांची एम. फिल. करावी लागे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एम. फिल. पदवी बंद केली आणि या विषयापुरती २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवली. त्यापुढे परिषदेचे नवे अभ्यासक्रम आहेत. शेजारच्या दादाने पाच वर्षांपूर्वी काय केले, ते आज मार्गदर्शक धरू नये.

दुसरी वाट समाजकार्याची, आणि ग्रामीण भागातील मुलीला मी बहुधा हीच सुचवतो. टाटा संस्था १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देण्यासाठीच सुरू झाली. पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून हे काम करते. नागपुरातही समाजकार्याची जुनी महाविद्यालये आहेत. एम. एस. डब्ल्यू.मध्ये आठवड्यातील ठरावीक दिवस प्रत्यक्ष क्षेत्रकार्य असते. वस्ती, रुग्णालय, न्यायालय यांची सवय शिकतानाच होते. कौटुंबिक न्यायालयांतील विवाह समुपदेशकांसाठी साधारणपणे हीच पदवी व अनुभव मागितला जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मनोसामाजिक कार्यकर्त्याला मान्यता दिलेली आहे, मात्र त्यासाठी एम. एस. डब्ल्यू.नंतर त्या विषयाचे आणखी प्रशिक्षण लागते.

तिसरी वाट दूरस्थ शिक्षणाची. येथे सावध राहावे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने ‘समुपदेशन व कुटुंबोपचार’ याच नावाचा एम. एस्सी. अभ्यासक्रम चालवला आहे. घरी आजारी सासू आणि शाळकरी मुले असलेल्या एखाद्या सुनेला तो देवदत्त वाटावा असाच. परंतु मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित काही विषय दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने शिकवण्यास आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मनाई केली आहे. म्हणून असा प्रवेश घेण्याआधी हा अभ्यासक्रम चालू सत्रात मान्य आहे काय, हे विद्यापीठाच्या प्रादेशिक केंद्राकडून लेखी घ्यावे. पूर्वी पूर्ण केलेल्यांनी घाबरण्याचे कारण नाही. ही मनाई नव्या प्रवेशांसाठी आहे. आणि तीन महिन्यांत ‘प्रमाणित फॅमिली थेरपिस्ट’ करून देणाऱ्या मोबाइलवरील जाहिरातींना पैसे देऊ नयेत. वृत्ती चांगली असलेल्या मुलीही त्यात फसतात, कारण त्यांना लवकर कामाला लागायचे असते.

परदेशाविषयीही विचारणा होते. अमेरिकेत हा स्वतंत्र व्यवसाय आहे. कॅलिफोर्नियाने १९६३ मध्ये त्याचा पहिला परवाना कायदा केला आणि आता सर्व ५० राज्यांत परवाना आहे. परंतु कॅलिफोर्नियात परवान्यासाठी देखरेखीखालचे ३००० तास, किमान १०४ आठवड्यांत, पूर्ण करावे लागतात. त्यातील काही तास शिकतानाच धरले जातात हे खरे, तरी परदेशी विद्यार्थ्याला पदवीनंतर कामाची सर्वसाधारण परवानगी १२ महिन्यांचीच असते. शेत गहाण ठेवून कर्ज काढण्याआधी हे गणित कागदावर मांडावे. शिवाय तेथील परवान्याने येथे आपोआप नोंदणी होत नाही. माझे स्पष्ट मत असे की, पहिली पदव्युत्तर पदवी येथेच घ्यावी. बाहेर जायचे तर काही वर्षे काम केल्यावर, शिष्यवृत्तीवर जावे.

नोकरी कोठे? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मनोसामाजिक कार्यकर्त्यांची पदे असतात. टाटा संस्था व मुंबई पोलीस यांनी १९८४ मध्ये सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष पुढे शासनाने राज्यभर नेला. तेथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या काम करतात. याशिवाय सखी केंद्रे, किशोरवयीन मुलांसाठीची समुपदेशन केंद्रे, शाळा व खासगी रुग्णालये आहेत. वडीलधाऱ्यांना एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यात निर्वाह न्यायाधिकरणाने प्रकरण ऐकण्याआधी ते समेटासाठी पाठवण्याची तरतूद आहे. समेट घडवणारी व्यक्ती प्रशिक्षित असेल तर मुलावर आदेश बजावण्याची वेळ पुष्कळदा येत नाही. आदेशाने पैसे मिळतात, पण दिवाळीला घरी कोणी येत नाही.

पगार मात्र बेताचे आणि बऱ्याच जागा कंत्राटी, हे लपवण्यात अर्थ नाही. तालुक्याच्या गावी स्वतंत्र पाटी लावून बसणे तर आणखी अवघड. येथे सगळेच कोणाचे ना कोणाचे सोयरे असतात. समुपदेशकाच्या दारात पाऊल टाकताना कोणी पाहिले, तर संध्याकाळपर्यंत चर्चा होते. म्हणून अशा मुलीने सुरुवातीला एखाद्या डॉक्टरच्या दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस बसावे, असे मला वाटते. दवाखान्यात जाण्याची कोणाला लाज वाटत नाही. गुप्ततेची शपथ मात्र तिच्याच नव्हे, तिच्या घरच्यांच्याही अंगवळणी पडावी लागेल. ‘आज कोण आलं होतं गं?’ हा प्रश्न आजीने विचारायचा नाही.

संस्था निवडताना शुल्क व वसतिगृहाबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. प्रत्यक्ष रुग्ण वा कुटुंबांबरोबर किती तास काम मिळते, आणि त्या कामावर कोण देखरेख करते? उत्तर टाळाटाळीचे आले तर इमारत कितीही देखणी असो, पुढची संस्था पाहावी. भाषेचाही विचार हवा. पुस्तके इंग्रजी असतात, पण नांदुऱ्याची म्हातारी ‘मला नैराश्य आले’ असे म्हणत नाही. ती म्हणते, ‘जीव घाबरते’, ‘कशातच मन लागत नाही’, ‘डोकं भणभणते’. गावाकडच्या मुलीकडे ही भाषा जन्मापासून असते. शहरातील वर्गात तिला जे न्यूनत्व वाटते, तेच कामाच्या ठिकाणी तिचे भांडवल ठरते. हे तिला आजोबांनी सांगितले, तर डॉक्टरने सांगण्यापेक्षा अधिक पटेल.

मुलगी शिकून येईपर्यंत ज्यांच्या घरात आजच कोंडी आहे, त्यांच्यासाठी दोन क्रमांक नोंदवून ठेवतो. मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी एल्डरलाइन १४५६७. दोन्हींना शुल्क नाही.

आणि एक पूर्वसूचना. या शिक्षणात बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याला स्वतःच्या कुटुंबाचा तीन पिढ्यांचा नकाशा काढावा लागतो. नात वही घेऊन आपल्यापुढे बसेल. आपले लग्न कसे ठरले, कोणते भाऊ कधीपासून बोलत नाहीत, लहानपणी गेलेले मूल कोणते, दारू कोणाला होती, शेताची वाटणी कोणत्या साली झाली, असे ती विचारील. जे सांगवते ते सांगावे. जे सांगवत नाही, त्याला ‘हे आज नको’ एवढेच म्हणावे. तेवढीही नोंद तिच्या नकाशात घेता येते. चहा मात्र त्या दिवशी तिलाच करायला सांगावा, म्हणजे मधल्या वेळात आपल्याला जरा आठवता येईल.