जॉइंट कुठला, चूक कुठली

‘कर्ज’ यवतमाळला लागला तेव्हा मुंबईत तो येऊन जुना झाला होता. सिनेमाच्या धंद्यात आमचा मुलूख ‘सी. पी. बेरार’. इंग्रज गेले, मध्यप्रांत गेला, वऱ्हाड महाराष्ट्रात येऊन वीस वर्षं झाली, तरी वितरकांच्या वहीत आमचा पत्ता तोच राहिला. मोठ्या गावांत घासून निघालेली प्रिंट पत्र्याच्या पेट्यांत बसून एस.टी.च्या टपावरून यायची आणि आमच्याकडची हौस फिटली की दारव्हा, दिग्रस, पुसद करत पुढे जायची. जितकं गाव लहान, तितका पिच्चर आखूड.

हे आखूडपण मोजता येतं. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात आणि पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी धावतात. म्हणजे ऑपरेटरनं तुटलेल्या रिळातून दहा फूट कापून जॉइंट मारला, तर जवळजवळ सात सेकंद गेले. सात सेकंदांत नायक जिना उतरतो, नायिका साडी बदलते, खलनायक मरूनही जातो. टाकीजमध्ये पडदा पांढरा झाला की खालच्या वर्गातून शिट्ट्या सुरू व्हायच्या. पोट्टे ऑपरेटरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, आणि चित्र परत आलं की मधे काय गेलं हे विचारायचं भान कुणालाच नसायचं.

त्यामुळे कंटिन्युइटीची चूक ही गोष्ट आमच्या पिढीला फार उशिरा कळली. मघाशी बंद असलेलं बटण आता उघडं दिसलं, तर आम्ही गृहीत धरायचो की मधला तुकडा अमरावतीला राहिला असेल. दिग्दर्शकाचा दोष आम्ही ऑपरेटरच्या नावावर टाकला, आणि पुष्कळदा ऑपरेटरचा दिग्दर्शकाच्या. माझी स्वतःची तक्रार होती माँटीबद्दल. ऋषी कपूरचा माँटी गिटार छेडतो आणि पुढच्याच क्षणी डॉक्टरांच्या समोर असतो. मधे काही नाही. बारा वर्षांच्या मला हा सुभाष घईंचा गाढवपणा वाटला होता. घई मूळ नागपूरचे, म्हणजे आमच्यापासून दीडशे किलोमीटरवरचे, म्हणून राग जरा जास्तच.

भारतीय रॉक म्युझिकल असा काही प्रकार मानायचाच असेल तर ‘कर्ज’ त्याच्या पहिल्या रांगेत बसेल. १९८० साल, फिरत्या अवाढव्य ग्रामोफोन रेकॉर्डवर नाचणारा गायक, आणि कथेचा कणाच गिटारची एक धून. ती वाजली की गेल्या जन्मीचा खून आठवतो. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना या संगीताबद्दल फिल्मफेअर मिळालं. तरी चित्रपट तेव्हा पडला. आठवडाभरात फिरोज खानचा ‘कुर्बानी’ आला आणि गर्दी तिकडे वळली. त्या अपयशानं आपण खचलो, कॅमेऱ्यापुढे उभं राहायची धास्ती बसली, असं ऋषी कपूरनं ‘खुल्लम खुल्ला’ या आत्मचरित्रात मोकळेपणी लिहिलं आहे. आमच्या दुर्गोत्सवातल्या ऑर्केस्ट्रांना मात्र हे अपयश कळलंच नाही. नवरात्रात यवतमाळच्या चौकाचौकांत रात्र रात्र ती गिटार वाजत राहिली.

मग व्हीसीआर आला. टीव्हीसकट भाड्यानं आणायचा, एका रात्रीत तीन कॅसेट संपवायच्या, शेजाऱ्यांनी वर्गणी द्यायची आणि ज्याच्या घरी मुक्काम त्यानं चहा. त्या यंत्राला थांबवायचं बटण होतं. चुका शोधण्याचा उद्योग खऱ्या अर्थानं त्या बटणानं सुरू केला.

‘कर्ज’मधली सर्वांत मोठी चूक दिसायला मात्र बटणाची गरज नव्हती, फक्त हिशेबाची होती. राज किरणचा रवी वर्मा मरतो, माँटी म्हणून जन्मतो, वाढतो, प्रसिद्ध होतो. यात वीसेक वर्षं जातात. त्याचा खून करणाऱ्या बायकोला, सिमी गरेवालच्या कामिनीला, त्यातलं एकही वर्ष लागत नाही. लागणार कुठून? सिमी गरेवालचा जन्म १९४७चा, ऋषी कपूरचा १९५२चा. खून करणारी आणि खून झालेल्याचा नवा अवतार यांच्यात जेमतेम पाच वर्षांचं अंतर. शिवाय रवीचे केस आणि सूट सत्तरच्या दशकातले, म्हणजे मागचा जन्म आणि हा जन्म एकाच शिंप्याकडे शिवलेले. पेल्यावर बोटं वाजवून बोलणारा प्रेमनाथचा मुका सर जुडासुद्धा तसाच टवटवीत. थकलेल्या दिसतात त्या एकट्या दुर्गा खोटे, रवीची आई. सगळ्या चित्रपटात काळ फक्त तिच्या अंगावरून गेला आहे. मला ही चूक कधी खुपली नाही, खरं तर आवडत गेली.

खुपतं ते दुसरंच. छुप्या संदर्भांचा माग काढायला लागलो की ‘कर्ज’ कांद्यासारखा सुटत जातो. पुनर्जन्म आणि खुनी बायको ही मांडणी ‘द रिइन्कार्नेशन ऑफ पीटर प्राउड’ या १९७५च्या अमेरिकी चित्रपटाची. ‘एक हसीना थी’ची प्रसिद्ध धून जॉर्ज बेन्सनच्या ‘वी अॅज लव्ह’ची. आणि ‘ओम शांती ओम’ चक्क त्रिनिदादहून आलं आहे. तिथे लॉर्ड शॉर्टी नावाचा गायक होता, सोका संगीताचा जनक. ऊसमळ्यांवर गेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांचं गाणंबजावणं ऐकत तो वाढला आणि त्यानं याच शब्दांचं गाणं केलं. म्हणजे आपलाच मंत्र बोटीतून वेस्ट इंडीजला गेला, ढोलकीला लागला आणि तबकडीवर बसून मुंबईला परत आला. श्रेयनामावलीत शॉर्टीला जागा नाही. ‘प्रेरणा’ हा शब्द त्या काळी फार सोशिक होता.

एक संदर्भ मात्र घरचा वाटतो. माँटी रंगमंचावर गाण्यातून खुनाचा प्रसंग उभा करतो आणि प्रेक्षकांत बसलेल्या कामिनीचा चेहरा पाहतो. हे हॅम्लेटचं नाटकातलं नाटक. मराठी माणसाला ते परकं नाही, आगरकरांनी ‘विकारविलसित’ या नावानं ते १८८३ मध्येच आणलं होतं.

२००७च्या दिवाळीत फराह खानचा ‘ओम शांती ओम’ आला तेव्हा हा सगळा कांदा पुन्हा एकदा सोलायला मिळाला. सुरुवातच ‘कर्ज’च्या त्या फिरत्या रेकॉर्डवर. जुन्या फिल्ममधला ऋषी कपूर नाचतोय, समोरच्या गर्दीत शाहरुखचा ओम माखिजा हा ज्युनियर आर्टिस्ट, खुद्द घई दिग्दर्शकाच्या भूमिकेत, आणि माँटीनं फेकलेल्या जॅकेटसाठी ओमशी झोंबणारी बाई म्हणजे स्वतः फराह. इतका गोड प्रसंग, पण कथा घडते १९७७ मध्ये. ‘कर्ज’ १९८०चा. फराहनं एका गाण्यासाठी इतिहास तीन वर्षं मागे ओढला. नायकाला १९७७त मारून २००७त तीस वर्षांचा करायचा होता, मग बिचाऱ्या ‘कर्ज’नं सरकून घ्यायचं. याला चूक म्हणायचं की थाप? मी थाप म्हणेन. थाप मारणारा जाणून मारतो, आणि गोष्ट रंगते तोवर वऱ्हाडात ती कुणी धरत नाही.

त्याच चित्रपटात ‘ड्रीम गर्ल’ची ‘ड्रीमी गर्ल’ होते, ‘धूम ताना’त दीपिका जुन्या चित्रफितींतल्या सुनील दत्त, राजेश खन्ना, जीतेंद्रबरोबर नाचते, आणि शेवट बिमल रॉय यांच्या १९५८च्या ‘मधुमती’ला जाऊन मिळतो. मेलेल्या नायिकेसारखी दिसणारी दुसरी मुलगी उभी करून खुन्याला बोलतं करायचं, आणि ऐन वेळी खरी भुताटकीच यायची. माझ्या पुतण्यानं आधी ‘ओम शांती ओम’ पाहिला, नंतर ‘कर्ज’ आणि शेवटी ‘मधुमती’. त्याच्या लेखी बिमल रॉय यांनी शाहरुखची नक्कल केली. छुपा संदर्भ कुणापासून छुपा असतो हे शेवटी ज्याच्या त्याच्या जन्मसालावर ठरतं.

परदेशात चुका आणि छुपे संदर्भ शोधण्याचा हा नाद जास्त शिस्तीनं चालतो. ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ १९७५ साली पडला, पण पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरात मध्यरात्रीचे खेळ लागले आणि प्रेक्षक पडद्याला उलट उत्तरं देऊ लागले. आमच्या टाकीजमधल्या मंडळींना यात नवल वाटलं नसतं. त्या चित्रपटात निवेदक नोव्हेंबरची रात्र म्हणून सांगतो आणि मोटारीच्या रेडिओवर निक्सनचं राजीनाम्याचं भाषण लागतं, जे १९७४च्या ऑगस्टमधलं. शूटिंगच्या वेळी कलाकारांनी गंमत म्हणून ईस्टरची अंडी लपवली, त्यातली काही सापडलीच नाहीत आणि पडद्यावर दिसत राहिली, अशीही आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, लोक अजून ती अंडी मोजतात.

३० एप्रिल २०२०ला ऋषी कपूर गेला. टाळेबंदी होती, बाहेर पडायची सोय नव्हती. त्या रात्री मोबाइलवर ‘कर्ज’ लावला, अखंड, एकही जॉइंट नसलेला. गिटारची धून सुरू झाली तसा मी सावरून बसलो. माँटीचा चेहरा बदलत गेला, बोटं अडखळली, डोळ्यांपुढे जीप आली, देऊळ आलं. मग डॉक्टर. मधलं सगळं जागच्या जागी होतं. म्हणजे यवतमाळात कुणाच्या तरी कात्रीनं ते उडवलं होतं आणि मी चाळीस वर्षं घईंना बोल लावत होतो.

पुतण्या शेजारी बसून पाहत होता. “काका, ही कामिनी म्हातारी काहून नाही होत?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, “गप, पुढचं बघ.”