फ्रीज वेगळा, फ्रीझर वेगळा : पोळी, पराठा आणि मोदक थंड करून विकताना

पुरणपोळीचा भाग टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय. नागपूरहून येतो, इंदूरहून येतो, बडोद्याहून येतो, आणि इथे रायपुरात आमच्या तात्यापाऱ्यातूनही येतो. "ताई, मळलेली कणीक किंवा अर्धकच्च्या पोळ्या फ्रीजमध्ये ठेवून विकल्या तर किती दिवस टिकतील?" विचारणाऱ्या बहुतेक बायका दोन-तीन जणी मिळून घरून काम करणाऱ्या आहेत. कुणी बचत गटाचं कर्ज घेतलंय, कुणी मंगळसूत्राव्यतिरिक्त होतं ते गहाण टाकलंय. म्हणून आज घाईघाईत "आठ दिवस" असं सांगून मोकळी होणार नाही.

आधी माझीच फजिती सांगते. पहिली मोठी ऑर्डर भिलाईच्या एका लग्नघरची होती, साध्या पोळ्यांची. मे महिना. रायपूरचा मे म्हणजे चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश. मी शहाणपणा केला, पोळ्या दोन दिवस आधी भाजल्या, गार केल्या, घट्ट झाकणाच्या डब्यांत भरल्या आणि फ्रीजमध्ये ठेवल्या. खराब होऊ नयेत म्हणून. खराब झाल्या नाहीत, वास नव्हता, बुरशी नव्हती. पण घडी घातली की मोडत होत्या. अर्धे पैसे मिळाले, आणि त्या घरची दुसरी ऑर्डर कधीच आली नाही.

झालं काय होतं, ते नंतर समजलं. पोळी भाजताना कणकेतला स्टार्च पाणी शोषून फुगतो, म्हणून पोळी मऊ लागते. गार झाली की तोच स्टार्च हळूहळू पुन्हा घट्ट बांधला जातो. यालाच आपण शिळी होणं म्हणतो. आपल्याला वाटतं पाणी उडून गेलं, पण झाकणबंद डब्यातही हे होतंच. आणि गंमत म्हणजे हे सगळ्यात जोरात होतं शून्य ते पाच अंशांच्या आसपास, म्हणजे नेमकं फ्रीजच्या तापमानाला! उणे १८ अंशांना मात्र ते जवळपास थांबतं. तेव्हा भाजलेली पोळी एक तर बाहेर ठेवून त्याच दिवशी संपवायची, नाही तर सरळ गोठवायची. मधली जागा, म्हणजे फ्रीज, तिच्यासाठी सगळ्यात वाईट.

कच्च्या कणकेचं दुखणं वेगळं आहे. ती फ्रीजमध्ये मऊ राहते, पण दुसऱ्या दिवशी करडी पडते. गव्हाच्या कोंड्यात एक विकर असतं. हवा लागली की कापलेलं सफरचंद काळं पडतं तसंच हे. थंडीत ते मंद होतं, थांबत नाही. बाकीची विकरंही काम करत राहतात, त्यामुळे कणीक सैल पडते, पाणी सोडते, आणि आंबट जिवाणू हळूहळू वाढतात ते वेगळंच. गोळ्याला तेलाचा हात लावून प्लॅस्टिक अगदी चिकटवून गुंडाळलं तर घरच्या वापराला एक-दोन दिवस निभावतं. विकायला मी ती देत नाही.

मग अमेरिकेत फ्रीजमधल्या तयार गोळ्यांचे डबे महिनोन्‌महिने कसे विकले जातात? केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या लाइव्हली विलोबी नावाच्या बेकरने १९३१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यात यीस्ट नसतं, सोडा आणि अगदी सावकाश काम करणारं आम्ल असतं. गोळे पुठ्ठ्याच्या नळीत भरले की थोडा वायू सुटतो, पीठ फुगून नळी गच्च भरतं, आतली हवा बाहेर जाते आणि दाब तयार होतो. म्हणजे तिथे नळीसुद्धा पाककृतीचाच भाग आहे. आपल्या साध्या कणकेला आणि साध्या पिशवीला ते जमणारं नाही. तो नाद सोडा.

आपल्याला जमतं ते अर्धं भाजून गोठवणं. भाजल्यामुळे कणीक काळी पाडणारं विकर मरतं, आणि पोळीचा आकार बसतो. तवा मध्यम ठेवायचा, दोन्ही बाजू कोरड्या होऊन रंग बदलेपर्यंतच भाजायचं, डाग पडू द्यायचे नाहीत, फुगू द्यायचं नाही. मग जाळीवर एकेक पसरून पूर्ण गार करायची. इथेच बहुतेकींची घाई होते. कोमट पोळ्या एकावर एक रचल्या की वाफेचं पाणी होतं, पाण्याचा बर्फ होतो, आणि गठ्ठ्याची वीट होते. ती वीट मीही केलेली आहे.

गोठवताना वेग महत्त्वाचा. सावकाश गोठलं की बर्फाचे मोठे, टोकदार कण होतात आणि ते कणकेची जाळी, म्हणजे ग्लूटेन, फाडतात. पोळी तव्यावर आली की पाणी सोडते, कडेला तडकते. कारखान्यात यासाठी उणे ३५-४० अंशांच्या वाऱ्याचा ब्लास्ट फ्रीझर असतो. तो आपल्याकडे नाही, म्हणून पोळ्या थाळ्यांत सुट्या पसरून गोठवायच्या आणि कडक झाल्यावर पॅक करायच्या. एका वेळी फ्रीझर भरून टाकायचा नाही. गरम माल कोंबला की आधीचा मालही मऊ पडतो. घरच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजचा वरचा कप्पा विक्रीच्या मालासाठी वापरू नका. तो बर्फ जमू नये म्हणून मधूनमधून स्वतःला थोडा गरम करतो. त्या चढउतारात बारीक कणांचे पुन्हा मोठे कण होतात. वरून झाकण उघडणारा डीप फ्रीझर बरा. थंड हवा जड असते, झाकण उघडलं तरी खालीच बसून राहते.

पुरणपोळी याच पद्धतीने छान गोठते, कारण पारीत तेल भरपूर असतं. पुरण मात्र कोरडं शिजवा, उलथणं उभं राहील इतकं. गुळामुळे पुरण उणे १८ ला पण दगडासारखं होत नाही, दाबलं तर थोडं दबतं. ग्राहकाला वाटतं फ्रीझर बिघडला! तसं नाही, गोड पदार्थ उशिरा आणि कमीच गोठतो.

उकडीचे मोदक, किंवा इथला फरा म्हणा, दोन्ही तांदळाचे. तांदळात ग्लूटेन नाही, पण स्टार्च घट्ट होण्याची खोड गव्हापेक्षा कमी नाही. मोदक वाफवून, गार करून, लगेच गोठवायचे. खाताना वितळू न देता थेट मोदकपात्रात. पुन्हा चांगली वाफ मिळाली की घट्ट झालेला स्टार्च परत सैल होतो. फ्रीजमध्ये रात्रभर वितळवले की पारी चिरलीच म्हणून समजा.

पाव आणि पिझ्झाच्या पिठाबद्दल थोडक्यात. यीस्ट गोठवल्यावर काही प्रमाणात मरतं, आणि मेलेल्या यीस्टमधून निघणारा द्रव कणीक आणखी सैल करतो. म्हणून पीठ फुगायच्या आधीच, थंड पाण्यात मळून लगेच गोठवतात आणि यीस्ट थोडं जास्त घालतात. नवशिक्यांनी भाजलेला पिझ्झा बेसच गोठवावा.

आता पाकीट. दोन पोळ्यांमध्ये फूडग्रेड प्लॅस्टिकचा कागद हवाच. पिशवी जाड, ओलावा न सोडणारी हवी आणि हवा काढून सील करायची. आत हवा राहिली की पोळीचं पाणी उडून पांढरे, कोरडे चट्टे पडतात. पॅकिंगची खोली दमट असेल तर गोठलेल्या पोळीवर दव धरतं आणि पिशवीत बर्फाचा चुरा जमतो. पावसाळ्यात थोडा थोडाच माल बाहेर काढा. लेबलवर एफएसएसएआय क्रमांक, हिरवा ठिपका, घटक, गहू असल्याची सूचना, निव्वळ वजन, बॅच, तारखा हे सगळं येतंच. त्याखाली ठळक लिहा : उणे १८ अंशांना ठेवा, एकदा वितळल्यावर पुन्हा गोठवू नका, पूर्ण भाजून खा. शेवटची ओळ शोभेची नाही. गोठवण्याने जिवाणू मरत नाहीत, झोपतात. २००९ मध्ये अमेरिकेत कुकीचं कच्चं पीठ तसंच खाल्ल्याने ई. कोलायची मोठी साथ आली होती.

कराचं एक सांगते. २०२० मध्ये कर्नाटकातल्या एका निवाड्याने पॅकबंद परोटा हा रोटी नव्हे असं ठरवून त्यावर १८ टक्के जीएसटी लावला होता, तेव्हा देशभर हसू झालं. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोटी, पराठा, परोटा यांवर शून्य कर आहे. पुरणपोळी आणि मोदक त्यात आपोआप बसतात असं धरू नका, तुमच्या सीएला विचारा.

राहिली पोचवणी. माल बिघडतो तो जास्त करून इथेच. भिलाई तीस किलोमीटर, पण बारा वाजता स्कूटरवर निघालात तर थर्मोकोलचा डबाही पुरत नाही. मी पहाटे पाठवते, डबा आदल्या रात्री आतून थंड करते, जेल पॅक खाली आणि वर दोन्हीकडे ठेवते. दुकानदाराला देण्याआधी त्याचा फ्रीझर बघून येते. तो रात्री बंद करत असेल तर माल देत नाही. आईस्क्रीम कंपनीने दिलेल्या फ्रीझरमध्ये दुसऱ्याचा माल ठेवायला सहसा परवानगी नसते, तेही आधीच विचारते.

वीज गेली तर? भरलेला, बंद ठेवलेला फ्रीझर साधारण दोन दिवस तग धरतो असं सांगतात. रायपूरच्या उन्हाळ्यात, त्यातून काचेचं झाकण असेल तर, मी त्या आकड्यावर विसंबत नाही. प्रत्येक फ्रीझरमध्ये बर्फ झालेल्या पाण्याची एक वाटी ठेवते आणि त्यावर एक रुपयाचं नाणं. सकाळी नाणं वरच असेल तर ठीक. वाटीच्या तळाशी जाऊन गोठलेलं दिसलं, तर रात्री कधीतरी सगळं वितळून पुन्हा गोठलंय. पोळ्या कितीही कडक दिसोत, तो माल मी विकत नाही.