काचेवर उतरलेली बाग

धर्माबाद, नांदेड, औरंगाबाद हा सगळा मुलूख निजामाचा होता, तेव्हा म्हणजे १८८५ च्या सुमारास सहावे निजाम महबूब अली खान यांनी लाला दीनदयाळ यांना दरबारी छायाचित्रकार नेमले. रुडकीला इंजिनिअरिंग शिकलेले, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी केलेले दीनदयाळ इमारतीकडे बांधणाऱ्याच्या नजरेने बघत. वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा, सगळे त्यांनी काचेच्या प्लेटांवर घेतले. मला त्यांतला मकबरा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तिथे दगड आणि चारबाग, म्हणजे चार भागांत आखलेली बाग, एकाच चौकटीत आणायची होती.

काम अवघड होते. त्या काळच्या प्लेटांवर निळा रंग चटकन उमटे, हिरवा जेमतेम, तांबडा जवळजवळ नाहीच. म्हणून आभाळ कोरे पांढरे आणि झाडी काळवंडलेली. घुमट संगमरवराचा, भिंतींवर पांढरा गिलावा. उन्हात डोळे दिपतात. त्या पांढऱ्याला बेताचा उजेड द्यावा तर झाडीत काहीच उमटत नाही, आणि झाडीसाठी जास्त वेळ द्यावा तर गिलाव्यावरची नक्षी पुसली जाते. वाऱ्याने हललेले पान धूसर येते, कारंज्याचे पाणी दुधासारखे. दगडी जाळी मात्र रेषेन् रेष. इंग्लंडात फॉक्स टॅलबट यांनी १८४४ पासून काढलेल्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या छायाचित्रांच्या पुस्तकात पॅट्रोक्लस या ग्रीक वीराचा अर्धपुतळा निवडला तो उगीच नव्हे: पांढरा आणि मुळीच न हलणारा! दीनदयाळ यांच्यापुढे अख्खी बाग होती.

त्यांच्या आधी अजिंठ्यात मेजर रॉबर्ट गिल यांनी ओल्या प्लेटांवर काम केले. काचेवर कलोडियन हे चिकट द्रावण ओतायचे, चांदीच्या द्रावणात ती बुडवायची, ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच अंधारात धुवायची. मराठवाड्याच्या उन्हात मिनिटामिनिटाची घाई. गिल यांनी रंगवलेल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्यांची छायाचित्रे उरली.

म्हणून दीनदयाळ यांच्या प्लेटांची मला काळजी वाटते. त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये घेतल्या. मराठवाड्यातल्या चित्रांच्या मोठ्या, स्वच्छ प्रती इकडे यायला हव्यात: गिलावा दुरुस्त करणाऱ्या कारागिरांसाठी, आणि धर्माबादसारख्या गावांतल्या शाळांच्या भिंतींसाठीही. त्या बघताना मुलांना एवढे मात्र सांगावे, की झाडी काळी दिसते तो प्लेटेचा दोष. बाग हिरवीच होती.