एकदा शेक झाला, आता पुन्हा?

“डॉक्टर, एकदा तीस लाईट घेतल्या. तोंड सोलून निघालं, सहा आठवडे पेजेवर काढले. आता परत तेच?”

गेल्या पावसाळ्यात एस.टी.तून निवृत्त झालेले एक वाहक माझ्यासमोर बसून हे विचारत होते. तरुणपणापासून दाढेखाली तंबाखूची गोळी. तीन वर्षांपूर्वी गालाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले, नंतर किरणोपचार झाले. आता त्याच बाजूला मानेत गाठ आली होती. मुलाच्या हातात दोन ठिकाणचे दोन कागद होते. एकावर लिहिले होते, ‘ऑपरेशन, नंतर गरजेप्रमाणे पुन्हा शेक’. दुसऱ्यावर, ‘पाच शेक, ऑपरेशन नको’. मुलगा म्हणाला, “सर, पाचचं सोपं वाटतं.”

वाचकहो, सोपे वाटणारेच योग्य असते असे नाही, म्हणून हा विषय.

पहिल्या वेळी साधारण ६० ते ७० ग्रे इतकी मात्रा सहा-सात आठवड्यांत विभागून देतात. जखम भरते, पण आतल्या पेशी ती मात्रा विसरत नाहीत. मज्जारज्जू, जबड्याचे हाड आणि मेंदूकडे जाणारी मानेतली मोठी रक्तवाहिनी यांच्या खात्यावर ती जमा राहते. त्यामुळे दुसऱ्या वेळी हाड कुजणे, तोंड न उघडणे, गिळता न येणे हे धोके वाढतात. क्वचित ती रक्तवाहिनीच फुटते, आणि मग बहुधा वेळ हातात राहत नाही.

म्हणून गाठ काढता येण्याजोगी असेल तर पहिला मान ऑपरेशनचा. अमेरिकेतील अनेक संस्थांच्या रुग्णांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या शेकाला दोन वर्षे उलटून गेलेली आणि गाठ काढून मग पुन्हा शेक दिलेला, अशा रुग्णांपैकी सुमारे ६२ टक्के दोन वर्षांनंतर हयात होते. दोन वर्षांच्या आत उलटलेला आजार आणि त्यात पोटातल्या किंवा श्वासाच्या नळीवर अवलंबून असलेला रुग्ण, अशांत हे प्रमाण फक्त १७ टक्के. मी मुलाला हे आकडे सांगितले. वडिलांसमोरच सांगितले, कारण विचारणारे तेच होते.

पाच शेकांची पद्धत खोटी नाही. गाठ लहान असेल, ऑपरेशन शक्य नसेल, तर एक दिवसाआड मोठी मात्रा अगदी नेम धरून देतात. पण गाठीने रक्तवाहिनीला वेढा घातला असेल तर प्रत्येक वेळची ती मोठी मात्रा महागात पडू शकते. सहा आठवड्यांच्या पद्धतीत रोजची मात्रा लहान आणि यंत्र किरणांना हवा तसा आकार देते. प्रोटॉन किरण गाठीपाशी थांबतात, पलीकडच्या भागाला वाचवतात. खारघरला टाटा स्मारकाच्या केंद्रात २०२३ पासून ते दिले जातात. मात्र प्रत्येकाला त्यांची गरज नसते. शेक झेपणारच नसेल तर गोळ्यांवरचे सौम्य केमो किंवा प्रतिकारशक्तीची औषधे हाही विचार असतो, आणि त्यात हार मानल्यासारखे काही नाही.

काकांच्या बाबतीत घोडे अडले ते भलत्याच ठिकाणी. जुन्या शेकाची फाइल सापडेना! कुठे किती मात्रा गेली हे कळल्याशिवाय कोणताही शहाणा डॉक्टर दुसरा आराखडा आखणार नाही. चार दिवसांनी ती मेहुण्याच्या घरी, लग्नपत्रिकांच्या ढिगात सापडली. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी ही फाइल रेशनकार्डाशेजारी ठेवावी.

ऑपरेशन झाले. अहवालात कर्करोग गाठीचे कवच फोडून बाहेर आलेला निघाला. आता शेक घ्यावा की नाही? फ्रान्समधल्या एका चाचणीत ऑपरेशननंतर पुन्हा शेक दिल्याने आजार अधिक काळ दूर राहिला, पण एकूण आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. शिवाय दोन वर्षांत दहांपैकी सुमारे चौघांना गंभीर त्रास झाला. हेही मी काकांना सांगितले. ते रात्रभर विचार करून आले आणि म्हणाले, “नातीची दहावी दीड वर्षावर आहे. घेतो.”

आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवले, कारण शेकलेल्या जबड्यातला दात नंतर काढणे धोक्याचे. मग तीस शेक झाले. घरच्यांना मी एकच गोष्ट बजावली आहे: तोंडातून किंवा मानेच्या जखमेतून थोडेसेही रक्त आले तर माझी वाट न पाहता थेट मोठे इस्पितळ गाठायचे.

तोंड उघडण्यासाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून व्यायाम करतात. सुरुवातीला नऊ बसत होत्या. परवा आले तेव्हा बारा बसल्या, आणि काकूंनी भाकरी दुधात कुस्करायची सोडून आमटीत कुस्करायला घेतली आहे.