हुबळी, जेजे, मांडवा, परिंचे
डॉ. नोशीर अंतिया (१९२२-२००७). जन्म हुबळीचा, शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. प्लास्टिक सर्जरीचे धडे इंग्लंडमध्ये थेट या शाखेचे जनक मानले जाणारे हॅरॉल्ड गिलीझ यांच्याकडे. मुंबईच्या जेजे रुग्णालयात त्यांनी या शाखेचा विभाग उभा केला. कुष्ठरोगाने बसलेली नाकं, वाकडी झालेली बोटं ते दुरुस्त करत. त्या काळी अशा रुग्णाला हात लावायलाही अनेक डॉक्टर कचरत. कानाची तुटलेली कड जोडण्याची ‘अंतिया-बुच’ पद्धत (१९६७) आजही जगभर वापरली जाते.

१९७५ मध्ये त्यांनी ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ स्थापन केलं. अलिबागजवळच्या मांडव्यात आणि पुढे पुरंदर तालुक्यातल्या परिंचे परिसरात गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. गावातली बहुतेक दुखणी या बायका निभावू शकतात, असं त्यांचं ठाम मत. एवढ्या नामांकित सर्जनच्या तोंडी ते समव्यावसायिकांना फारसं रुचणारं नव्हतंच! सरकारने मात्र १९९० मध्ये पद्मश्री दिली. ‘अ लाइफ ऑफ चेंज’ हे त्यांचं आत्मचरित्र मृत्यूनंतर प्रकाशित झालं.