भिंगाचा आकडा आणि चौकटीचे माप

कामगार संघटनेचा माणूस कॅमेऱ्याच्या भिंगावर काय बोलणार, असा प्रश्न श्रोत्यांपैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. मी छायाचित्रकार नव्हे. माझे शिक्षण शाळेच्या बाकावर संपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात. परंतु एका आकड्यापायी माझ्या दोन सोबत्यांची भाकरी गेली, आणि तो आकडा भिंगाचा होता. म्हणून हा विषय मी मागून घेतला.

बारा वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातील एका कारखान्यासमोर आमची निदर्शने चालू होती. फाटकापासून ४० मीटरच्या आत जमू नये, असा मनाई हुकूम होता. पुढे खातेनिहाय चौकशीत एक फोटो दाखल झाला. त्यात आमचे दोघे फाटकाला जवळजवळ टेकून उभे दिसत होते. दोघेही शपथेवर सांगत होते की आम्ही हद्दीबाहेर होतो. फोटोच्या फाइलमध्ये भिंगाचे नाभीय अंतर २०० मिलिमीटर नोंदलेले होते. जुन्या पुस्तकातले सूत्र घेऊन मी रात्री हिशेब मांडला. उत्तर आले ३३ मीटर. सोबत्यांच्या शब्दापेक्षा मी आकड्यावर विश्वास ठेवला आणि तडजोडीचा सल्ला दिला. ते दोघे नोकरी सोडून गेले. हिशेब चुकला होता, हे मला पुढे दोन वर्षांनी कळले.

काय चुकले ते समजण्यासाठी आधी असे पाहा. तुम्ही घरात खिडकीपासून काही अंतरावर उभे आहात. बाहेरचे किती दिसेल हे दोन गोष्टींवर ठरते: तुम्ही खिडकीपासून किती मागे आहात आणि खिडकी केवढी आहे. भिंगाचे नाभीय अंतर म्हणजे ते मागे असण्याचे अंतर. सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी आलेला प्रकाश टिपणारा आयताकृती तुकडा, ही खिडकी. भिंगावर फक्त पहिला आकडा लिहिलेला असतो. खिडकी केवढी, हे भिंग सांगत नाही.

अलिबागच्या किनाऱ्यावर एकाच जागी उभे राहून तीन कॅमेऱ्यांनी कुलाबा किल्ल्याचा फोटो घ्या. तिन्हींना ५० मिलिमीटरचे भिंग लावा. पहिल्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असेल, तर आडवे सुमारे ४० अंश दिसतील. दुसऱ्याचा साडेतेवीस मिलिमीटर असेल, तर सुमारे २७ अंश. तिसऱ्याचा सतरा मिलिमीटरच्या थोडा वर असेल, तर २० अंश. आकडा तोच, किल्ला तोच, पण दृश्य निम्म्यावर आले.

मग तुलना कशी करायची? आम्हा कामगारांना हा प्रश्न नवा नाही. महागाईचा निर्देशांक १२० आहे असे कोणी सांगितले, तर आम्ही प्रथम पायाभूत वर्ष विचारतो. २०१६ च्या मालिकेतला आकडा २००१ च्या मालिकेत न्यायचा, तर त्याला २.८८ ने गुणावे लागते. भिंगांच्या जगात पायाभूत वर्षाची जागा ३६ × २४ मिलिमीटरच्या चौकटीने घेतली आहे. ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म मुळात चलच्चित्रांची. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली झळकला तो याच फिल्मवर. तिच्यावरील एक चित्र सुमारे २४ × १८ मिलिमीटरचे असे. जर्मनीतील ऑस्कर बार्नाक याने ती फिल्म कॅमेऱ्यात आडवी चालवून दुप्पट चौकट घेतली. त्याचा लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला, आणि पुढे तेच माप प्रमाण ठरले. या मापात आणण्यासाठी साडेतेवीस मिलिमीटरच्या सेन्सरवरील भिंगाचा आकडा दीडपट करावा, सतरा मिलिमीटरच्या सेन्सरवरील दुप्पट.

आता माझा हिशेब. तीन मीटर उंचीचा फाटकाचा खांब फोटोच्या उंचीच्या एकचतुर्थांश होता. मी चौकट २४ मिलिमीटर उंच धरली. म्हणून खांबाची प्रतिमा ६ मिलिमीटर आणि कॅमेऱ्यापासून फाटक १०० मीटर. माणसांच्या उंचीवरून ती ६७ मीटरवर. दोहोंमधले अंतर ३३. प्रत्यक्षात तो सेन्सर १६ मिलिमीटर उंच होता. प्रतिमा ४ मिलिमीटरची, फाटक १५० मीटरवर, माणसे १०० मीटरवर. अंतर ५० मीटर! ते दोघे खरे बोलत होते.

मग ती फाटकाला टेकलेली का दिसली? लांबचे भिंग अंतर आकसते, असा समज आहे. वस्तुतः हे काम उभे राहण्याच्या जागेचे. शंभर आणि दीडशे मीटरवरील वस्तूंच्या आकारात दीडपटीचाच फरक पडतो. तोच फोटोवाला माणसांच्या मागे दहा मीटरवर उभा राहता, तर फाटक साठ मीटरवर गेले असते आणि सहापट फरक दिसून अंतर उघडे पडले असते. मग भिंग कोणतेही असो.

खरेदी करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. भिंगाचे छिद्रही याच हिशेबात येते. लहान सेन्सरवर २५ मिलिमीटर, एफ २ चे भिंग मोठ्यावरील ५० मिलिमीटरइतकेच दृश्य दाखवील, आणि उजेडाचे माप एफ २ चेच राहील. परंतु छिद्राचा खरा व्यास साडेबारा मिलिमीटर. म्हणून पार्श्वभूमी धूसर होईल ती मोठ्या सेन्सरवरील एफ ४ इतकीच. दुकानदार नाभीय अंतर दुप्पट करून सांगतो आणि एफ तसाच ठेवतो. पगार नव्या मालिकेत आणि भाव जुन्या मालिकेत सांगावे, त्यातला हा प्रकार. फोनवरील ‘२६ मिमी’ हाही असाच रूपांतरित आकडा. ते भिंग प्रत्यक्षात अवघ्या काही मिलिमीटरचे असते.

हल्ली फोटो पुरावा म्हणून आला की आम्ही मूळ, न कातरलेली फाइल मागतो, कॅमेऱ्याचा सेन्सर विचारतो आणि फोटोवाला कुठे उभा होता ते जमिनीवर मोजतो. सेन्सरचे माप कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकात छापलेले असते. ते उघडून पाहायला मला त्या रात्री पाच मिनिटे लागली असती.